रेफर केलेल्या पेशंटचं पुढं काय होतं?

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. स्ट्रेचरवर माझी भाची, वय बावीस, पहिलं बाळंतपण, आठवा महिना सरत आलेला. माझ्या हातात एक चिठ्ठी, केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर निळ्या पेननं लिहिलेली. नाव, वय, बीपी १७०/११०, 'झटके', आणि खाली रेघ मारून 'हायर सेंटरला रेफर'. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, लेबर रूममधल्या निवासी डॉक्टर मुलीनं ती चिठ्ठी दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारलं, "काका, हिला मॅगसल्फ दिलंय का? दिलं असेल तर किती वाजता?"

मॅगसल्फ म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. नंतर समजून घेतलं. गरोदरपणात बीपी चढून झटके आले की मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, आणि त्याचा पहिला डोस पेशंटला पुढं पाठवण्याआधीच द्यायचा असतो. तो दिलेला नसेल तर पुढचा झटका जीवावर बेतू शकतो. दिलेला असताना पुन्हा पूर्ण डोस गेला तर श्वास मंदावू शकतो. चिठ्ठीत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. अॅम्ब्युलन्स आम्हाला उतरवून निघून गेली होती. ग्रामीण रुग्णालयाचा फोन नुसता वाजत राहिला. शेवटी आमचे जावई चाचरत म्हणाले, "निघायच्या आधी कमरेत दोन्ही बाजूंनी एकेक सुई दिली होती." त्या डॉक्टर मुलीनं हातोडीनं गुडघ्यावर ठोकून पाहिलं, श्वास मोजले, आणि भेदरलेल्या नवऱ्याच्या त्या एका वाक्यावर विसंबून पुढचं ठरवलं.

भाची वाचली. बाळाला पेटीत ठेवलं होतं. ते तिसऱ्या दिवशी गेलं.

मेडिकलच्या नोंदवहीत तो एक मृत्यू चढला. ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीत मात्र त्या रात्री कोणी दगावलेलं नाही. तिथं फक्त 'रेफर' एवढा शेरा आहे. मला जे म्हणायचं आहे ते या दोन नोंदवह्यांच्या मधलं आहे. सरकारी रुग्णालय कसं चाललं आहे हे ठरवताना आपण तिथं आलेल्या, बऱ्या झालेल्या आणि मेलेल्या पेशंटकडे बघतो. तिथून पुढं पाठवलेला पेशंट कुणाच्याच खात्यावर नसतो. त्याचं काय झालं याचा जाब पाठवणाऱ्या रुग्णालयाला द्यावा लागेल, तेव्हाच आपल्याकडे कामगिरी मोजायला खरी सुरुवात होईल, असं माझं ठाम मत आहे.

नांदेडची आठवण काढू. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली. त्यातली १२ नवजात बाळं होती. दोन दिवसांत आकडा ३१ वर पोचला. सगळ्या देशातले कॅमेरे नांदेडला आले. एका खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं, त्याचा व्हिडिओ घरोघरी पोचला. पाठोपाठ छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातले आणि नागपुरातले आकडे झळकले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्यात कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ मृत्यू झाले होते. तिथंही तेच झालं: मंत्र्यांच्या भेटी, चौकशी समिती, आणि दुसरी बातमी आली की विसर.

नांदेडच्या डॉक्टरांचं तेव्हाचं म्हणणं असं होतं की सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत असं मोठं रुग्णालय दुसरं नाही, लांबलांबून पेशंट येतात, आणि त्यातले कित्येक अगदी शेवटच्या घटकेला. सुट्ट्यांच्या दिवसांत खाजगी दवाखान्यांनीही हात वर करून पेशंट इकडे पाठवले. यावर लोक चिडले. जबाबदारी झटकताहेत, असं त्यांना वाटलं. मलाही ते पुरतं पटलं नव्हतं, कारण औषधं आणि माणसं पुरेशी होती का, हा प्रश्न त्यामुळे मिटत नव्हता. आज मी त्या म्हणण्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. बारा बाळं आली ती कुठून? पाठवण्याआधी त्यांना किती तास कुठं ठेवलं होतं? वाटेत ऑक्सिजन होता का? अंगावर गरम दुपटं होतं का, की डिसेंबरासारखं गार पडूनच ती पोचली? नवजात बाळाला वाटेतली थंडीसुद्धा मारू शकते. ही उत्तरं जर समोर असती तर डॉक्टरांचं म्हणणं खरं की बहाणा, याचा निवाडा तासाभरात झाला असता. ती उत्तरं जाहीर ठेवायची पद्धतच आपल्याकडे नाही. म्हणून चोवीस हा आकडा नुसता हवेत राहिला, आणि रागाला धरायला जवळचं माणूस मिळालं ते म्हणजे रुग्णालयाचा मुख्य डॉक्टर.

जो शेवटी हातात घेतो त्याच्या माथी मृत्यू, आणि जो आधी हात सोडतो त्याची पाटी कोरी. ही मोजणीच उलटी आहे. तिचा परिणामही उलटाच होणार.

तालुक्याच्या ठिकाणी बसून बघा. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ असलाच तर एक. भूलतज्ज्ञाची जागा रिकामी. ऑपरेशन थिएटर आहे, दिवे आहेत, टेबल आहे, पण भूल द्यायला माणूस नाही म्हणून सिझेरियन होत नाही. रक्त साठवायची सोय नाही, म्हणून अंगावरून जास्त जायला लागलं की हातपाय गळतात. अशा जागी रात्री अकरा वाजता अडलेली बाई आली तर एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं काय करावं? त्यातले पुष्कळ जण तीन-चार वर्षांपूर्वी पास झालेली पोरं असतात. इथं काही बरंवाईट झालं तर बाहेर पन्नास माणसं जमणार, काचा फुटणार, कोणीतरी कानाखाली वाजवणार. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण मध्यरात्री दारात जमाव उभा असतो तेव्हा कायदा कुठल्यातरी कपाटात असतो. तेव्हा 'पुढं घेऊन जा' हे तीन शब्द त्याला वाचवतात. पेशंटला वाचवतीलच असं नाही.

मी त्या पोरांना दोष देत नाही. रेफर करणं अनेकदा बरोबर असतं, आवश्यकही असतं. पायऱ्यांची व्यवस्था त्यासाठीच आहे: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय, आणि वर मेडिकल. घोटाळा असा की पायऱ्या एका जिन्याच्या नाहीत. सिव्हिलपर्यंतचा कारभार सार्वजनिक आरोग्य विभागाचा. मेडिकल वैद्यकीय शिक्षण विभागाचं. शहरातली काही रुग्णालयं महापालिकेची. पेशंट एका पायरीवरून दुसरीवर जातो तेव्हा तो एका मंत्र्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो, आणि मधला रस्ता कुणाचाच नसतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगलंच झालं. पण तो निर्णय त्या विभागापुरता होता. तालुक्याला पैसे लागत नाहीत आणि मेडिकलला खिडकीवर पावती फाडावी लागते, हे गावाकडच्या बाईला कोण समजावणार? तिच्या लेखी सगळा सरकारी दवाखाना एकच आहे. खरं तर तिचंच बरोबर आहे.

गुणवत्ता मोजायची कसलीच सोय नाही असं मुळीच नाही. २०१५ पासून 'कायाकल्प' योजनेत स्वच्छतेवर गुण मिळतात, बक्षिसं मिळतात. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांची तपासणी होते, बाहेरचे परीक्षक येतात, विभागवार तपासणी-याद्या भरतात, पास झालेल्या रुग्णालयाच्या दर्शनी भागात प्रमाणपत्राची चौकट लागते. लेबर रूमसाठी 'लक्ष्य' नावाचा वेगळा कार्यक्रम आहे. यांची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात कायाकल्पच्या निमित्तानं बाळंतिणींच्या संडासाला पहिल्यांदा आतून कडी लागली. ज्या बाईनं कडीविना ते दिवस काढलेत तिला तिची किंमत विचारा. पण परीक्षक येणार म्हणून पंधरा दिवस आधी पडदे धुतले जातात, नोंदवह्या नव्यानं उतरवल्या जातात, हेही त्या इमारतीत वावरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. परीक्षक जी रुग्णालयं तपासतात त्यांत पेशंट सापडतात. गेटाबाहेर पडलेल्या अॅम्ब्युलन्समधला पेशंट त्यांना सापडणार कसा?

नुसते आकडे आणि दर्जाची पाटी यांच्या भरवशावर राहिलं की काय होतं, हे इंग्लंडनं फार महागात शिकून घेतलं. तिथल्या स्टॅफर्ड गावाच्या सरकारी रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात पेशंटची भयंकर हेळसांड झाली. आपत्कालीन विभागात आलेल्या पेशंटचा निकाल चार तासांत लागला पाहिजे असं सरकारी लक्ष्य होतं. ते गाठायच्या दडपणाखाली पेशंट इकडून तिकडे हलवले जात होते. खर्च आटोक्यात दिसावा म्हणून परिचारिका कमी केल्या होत्या. मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त दिसतंय असं आकड्यांनी २००७ मध्ये सांगितलं, तेव्हा व्यवस्थापनानं ते नोंदी भरण्यातल्या चुकांवर ढकललं. आणि याच काळात, फेब्रुवारी २००८ मध्ये, त्या रुग्णालयाला 'फाउंडेशन ट्रस्ट' हा वरचा दर्जा मिळाला! सत्य बाहेर काढलं ते नातेवाइकांनी. ज्युली बेली नावाच्या बाईंची आई तिथं गेली. त्यांनी आपल्यासारखी माणसं गोळा केली, मेलेल्यांचे फोटो भिंतीवर लावले आणि सरकारच्या मागं लागल्या. २०१३ साली रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल आला, त्यात २९० शिफारशी होत्या. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. ज्यांच्या डोळ्यांदेखत पेशंटचे हाल झाले, त्या नातेवाइकांचं आणि कर्मचाऱ्यांचं कुणी नीट ऐकूनच घेतलं नाही.

दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांनी हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करायला सुरुवात केली. पेशंट मुळात किती गंभीर होता याचा हिशेब धरून ते प्रमाण काढलेलं असे. तरीही अतिगंभीर पेशंट घ्यायला सर्जन कचरू लागले आहेत, असं पेनसिल्व्हेनियातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी एका पाहणीत सांगितलं. आपल्याकडे असला हिशेबही न धरता नुसत्या मृत्यूंवरून रुग्णालयांची क्रमवारी लावली तर तालुक्याच्या दारात आलेल्या प्रत्येक गंभीर पेशंटला अॅम्ब्युलन्समध्येच ठेवून पुढं पाठवलं जाईल. काही ठिकाणी आजही तसंच होतं.

याचा अर्थ मोठ्या रुग्णालयांना मोकळं सोडा असा कोणी काढू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. ती बाळं रेफरच्या वाटेवर गेली नाहीत, सरकारी छपराखाली गेली. राज्यभरात आगीपासूनच्या सुरक्षेची तपासणी करायचे आदेश निघाले. दहा महिन्यांत, ६ नोव्हेंबरला, नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ कोरोना रुग्ण गेले. पोलिसांनी अटक केली ती एका महिला डॉक्टरला आणि परिचारिकांना. तपासणीच्या आदेशाचं दहा महिन्यांत काय झालं, निधी कुठं अडला, सही कुणाची राहिली, हे विचारायचं सोडून त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या बायकांना धरायचं, ही मला आपल्या सार्वजनिक जीवनातली मोठी नामुष्की वाटते. त्यानं एकच गोष्ट साधते. पुढच्या वेळी काही चुकलं तर खरं लिहायची छाती कुणाला होत नाही.

खरं लिहायला लावायचं तर भीती काढून घ्यावी लागते, हे केरळनं करून दाखवलं आहे. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं राज्य सरकारच्या साथीनं २००४ मध्ये मातामृत्यूंचा गोपनीय आढावा सुरू केला. बाळंतपणात बाई दगावली की तिची सगळी कागदपत्रं नाव, गाव, रुग्णालय झाकून तज्ज्ञांपुढं येतात. कुणाला शिक्षा करायची नाही. कुठल्या टप्प्यावर काय चुकलं एवढंच शोधायचं. त्यातून रक्तस्राव हे मोठं कारण पुढं आलं, आणि तो कसा ओळखायचा, कसा थांबवायचा, याच्या पद्धती ठरवून डॉक्टर-परिचारिकांना शिकवल्या गेल्या. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत केरळमध्ये लाख जिवंत जन्मांमागं १९ मातामृत्यू होते, महाराष्ट्रात ३३, देशाची सरासरी ९७. तेव्हा आपण केरळच्या खालोखाल होतो, आणि यात राज्यातल्या आशाताई, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका), तालुक्याचे डॉक्टर यांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण ३३ ही सरासरी आहे. तिच्यात पुण्याची बाईही आहे आणि नंदुरबारमधल्या धडगावच्या पाड्यावरून झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलेली बाईही आहे.

मग मागायचं काय? प्रत्येक सरकारी रुग्णालयानं दर महिन्याला आपल्या दारात, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावं: किती पेशंट पुढं पाठवले, कशासाठी पाठवले (भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, मशीन बंद, की आजारच इथल्या आवाक्याबाहेरचा), आणि त्यांच्यापैकी किती जण बरे होऊन घरी गेले. नावं नकोत. नुसती कारणं मोजली तरी भूलतज्ज्ञाच्या रिकाम्या जागेपायी वर्षात किती बायकांना ऐंशी किलोमीटर जावं लागलं, हे त्या तालुक्यातल्या प्रत्येक मतदाराला कळेल. आमदाराला विचारायला मग काहीतरी हातात असेल. आज 'डॉक्टर नाहीत हो' या मोघम वाक्यापलीकडे आपल्या हातात काही नसतं. खाजगी दवाखान्यांनी शेवटच्या घटकेला पाठवलेल्या पेशंटचीही मेडिकलनं वेगळी नोंद ठेवून ती जाहीर करावी.

दुसरी गोष्ट परतचिठ्ठीची. पुढच्या रुग्णालयानं पाठवणाऱ्याला कळवायचं: पेशंट किती वाजता पोचला, कुठल्या अवस्थेत पोचला, काय निघालं, काय झालं. हे एका फोनचं काम आहे. मॅगसल्फची वेळ लिहिलेली नव्हती, पुढच्या वेळी लिहा, एवढं एक वाक्य जरी तालुक्याला परत गेलं तरी तिथलं शिक्षण होतं. आपल्या पाठवण्याचा शेवट ज्याला कधीच कळत नाही तो माणूस वीस वर्षं तीच चूक करत राहील, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नसेल.

यावर लगेच म्हणणं येतं की सिस्टरांवर आधीच कागदांचा डोंगर आहे, त्यात ही भर कशाला. ते खरं आहे. एकाच बाळंतपणाची नोंद किती वह्यांत आणि किती ऑनलाइन पोर्टलांवर करावी लागते ते कुठल्याही एएनएमला विचारा, ती बोटं मोजून दाखवेल. म्हणून मी म्हणतो की आधी त्यातल्या चार वह्या बंद करा. ज्या नोंदी वर जातात आणि खाली कधीच परत येत नाहीत, त्या पहिल्यांदा बंद करा.

आणि ऐकून घेणारी जागा पाहिजे. महाराष्ट्रात ती नव्यानं शोधायची गरज नाही. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली होती. गावकरी आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचे: चांगल्याला हिरवा रंग, वाईटाला लाल. मग जनसुनवाई व्हायची, मांडवात अधिकारी समोर बसायचे आणि बाई उठून माइकवर सांगायची की माझ्याकडून इतके पैसे घेतले, मला बाहेरून औषध आणायला लावलं. कित्येक ठिकाणी पैसे परत मिळाले, बंद उपकेंद्रं उघडली. हे प्रत्येक तालुक्यात व्हायला हवं, आणि त्या प्रगतिपुस्तकात रेफरचा एक रकाना हवा.

पैशाचं मी शेवटी सांगतो, कारण त्याबद्दल नवं सांगण्यासारखं काही नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्के करायचं ठरवलं होतं. ते साल येऊन गेलं. आपण तिथवर पोचलो नाही.

त्या रात्रीनंतर चार-पाच महिन्यांनी शाळेतल्या एका पोराला कुत्रा चावला म्हणून मी त्याला लस टोचायला त्याच ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेलो. सिस्टरनं लस दिली, कार्ड भरलं, आणि मला निरखून पाहत म्हणाली, "सर, तुम्ही त्या झटके आलेल्या पेशंटसोबत होता ना? त्या रात्री ड्युटीला मीच होते. साडेबाराला इंजेक्शन दिलं मी तिला. लिहिणार तेवढ्यात लेबरमध्ये दुसरी बाई आली, आणि गाडी निघून गेली." मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "दोन दिवस झोप नव्हती मला. कुणाला विचारणार? मेडिकलला आपलं कोण ओळखीचं आहे?" भाची बरी आहे, असं मी सांगितलं. तिनं जुनी नोंदवही काढली, बोट फिरवत त्या तारखेवर आणलं. 'रेफर'च्या पुढचा रकाना कोराच होता. मान वर न करता तिनं विचारलं, "आणि बाळ?"